फॉस्फेटच्या टाकीत मीठ

दिनानाथ घरतला कुणी 'रंगवाला' म्हटलं, की त्या माणसाला त्या दिवशी चहा मिळत नाही. त्याच्या शेडमधून रोज काळ्या-करड्या पिना, बोल्ट, गिअर बाहेर पडतात, तारेला टांगलेले, तेलाने ओले. बघणाऱ्याला वाटतं, रंगवले असतील. मग दिनानाथ तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात सारतो आणि म्हणतो, "रंग दरवाज्याला देतात. ह्यो लोखंडातनंच उगवतो." मी कमलेश, त्याच्या शेजारी लेथ आणि गिअर कापायचं मशीन चालवतो. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की माझ्या लेथलाही पाठ झालं असेल. पण ते खरं आहे, हीच पंचाईत.

आमच्या दोन्ही शेड उरणहून करंजाला जाणाऱ्या रस्त्याला लागून आहेत. समोरून दिवसभर ट्रेलर जातात आणि आमच्या चहावर धूळ बसते. मी कापतो, तो काळं करतो, असा आमचा धंदा. खरं तर काळं होणं हा त्यातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग. लोखंडाचा तुकडा नीट धुऊन मँगनीज फॉस्फेटच्या उकळीला आलेल्या पाण्यात सोडला, की त्याच्या अंगावर बुडबुडे येतात. वरचा पातळ पापुद्रा विरघळतो आणि तिथेच बारीक खडे धरतात. बुडबुडे थांबले की समजायचं, झालं. त्या खड्यांच्या फटींत तेल मुरतं, वातीत मुरावं तसं.

आता याचा उपयोग काय, तर झीज थांबते. दोन नवे गिअर एकमेकांवर फिरायला लागले की सुरुवातीचे दिवस वाईट असतात. कितीही चांगले कापा, दात्यांवर न दिसणारे उंचवटे राहतातच. ते एकमेकांना ओरबाडतात, आणि एकदा ओरबाडायची सवय लागलेला दाता पुढे सुधारत नाही. गिअर मीच कापतो, त्यामुळे हे लिहायला माझ्या जिवावर येतंय. फॉस्फेटचा थर त्या दिवसांत मध्ये पडतो. तेल धरून ठेवतो, आधी स्वतः झिजतो आणि दात्यांना एकमेकांची ओळख होऊ देतो.

दिनानाथचं घराणं मिठागरातलं. वडील भागोजी खाजणाकाठच्या आगरात मीठ पिकवायचे, आणि शाळा सुटली की दिनानाथ दप्तर फेकून त्यांच्यामागे आगरात. आज त्या आगरावर कंटेनर एकावर एक रचलेले असतात. त्याबद्दल दिनानाथ हळहळेल असं कुणाला वाटत असेल तर त्याने विचारून बघावं. तो पाय वर करून टाचा दाखवतो. "ह्या भेगा मिठानं दिल्यात. त्यांच्यासाठी रडू काय?" म्हणतो. आगर बंद पडल्यावर तळोज्याच्या एका कारखान्यात तो हेल्पर म्हणून लागला. तिथली बाकीची मुलं ॲसिडच्या वासाने टाकीपासून लांब पळायची, आणि हा वाकून बघत राहायचा. पाण्यात खडा कसा धरतो हे बघत बसायची त्याला लहानपणापासून सवय. पुढे त्या कारखान्याने जुन्या टाक्या भंगारात काढल्या, त्या याने उचलल्या आणि स्वतःची शेड टाकली.

शेड त्याची म्हणायची एवढंच. तारा वाकवून माल टांगते त्याची बायको किशोरी, आणि शेवटच्या गरम तेलाच्या टाकीवर तर तिचंच राज्य. तिथे दिनानाथनेही हात घातलेला तिला खपत नाही. दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत त्याची आई, कृष्णाबाई, बसलेली असते. ऐंशीच्या घरातली बाई, नजर अजून धारदार. मुलगा मोठमोठ्या टाक्यांखाली बर्नर लावून काहीतरी उकळतो, म्हणजे हा स्वयंपाकाचाच प्रकार, अशी तिची पक्की समजूत आहे. रोज सकाळी विचारते, "आज काय शिजवतंस रं दिना?" आणि दिनानाथ रोज न कंटाळता सांगतो, "आज पिना गो आई," नाहीतर, "आज बोल्ट." दुपारी चौघं एकत्र बसतो. भाकरी, सुकट, आणि मोसमात मी आणलेली काकडी. या माणसाइतका सुखाने जेवणारा माणूस मी उभ्या तालुक्यात पाहिलेला नाही. कधीकधी त्याचा रागच येतो.

त्याचं हे सुख एकदाच डळमळलेलं मी पाहिलं, ते गेल्या पावसाळ्यात, मेव्हण्याच्या बोटीपायी.

किशोरीचा थोरला भाऊ कोंडाजी करंजाला मासेमारी करतो. बोट त्यांच्या वडिलांची. वडील गेले तेव्हा किशोरीने भावाकडे एकच मागणं मागितलं होतं, की बोट विकायची नाही. कोंडाजीने तेव्हा मान हलवली. तो बोलतोच कमी, मान हलवणं हेच त्याचं भाषण. पण त्या पावसाळ्याआधीच्या मोसमात बोटीच्या गिअरबॉक्सने त्याला दोनदा भर समुद्रात दगा दिला. नवे गिअर टाकले की थोड्याच दिवसांत दाते खरडून निघायचे. दोन्ही वेळा दुसऱ्या बोटीने त्याला दोरी बांधून ओढत आणलं. करंजाच्या धक्क्यावर सगळ्यांसमोर असं ओढलं जाणं म्हणजे काय, हे तिथल्या माणसालाच विचारावं. मग त्याने बहिणीला सांगून टाकलं, की आता एकदाच गिअर बदलतो. ते गेले की बोट विकणार. एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठने त्याला ट्रेलरवर ड्रायव्हर म्हणून बोलावलं होतं आणि दिवाळीपर्यंत जागा राखून ठेवतो म्हटलं होतं. हेवी लायसन कोंडाजीकडे होतंच.

गिअर कापायला माझ्याकडे आले. मी ते जीव ओतून कापले, कडक करून आणले, घासून साफ केले. कोंडाजी न्यायला येण्याआधीच किशोरी माझ्या शेडमध्ये आली. गोणपाटात गुंडाळून ते तिने उचलले आणि थेट नवऱ्यासमोर नेऊन ठेवले.

"ह्यांना काळं करा," ती म्हणाली. "आनि असं करा, का दादा बोट विकायचं नाव काढनार नाय."

दिनानाथने एक गिअर उचलून दात्यांवरून बोट फिरवलं. त्या दिवशी त्याची भाकरी ताटात अर्धी राहिली.

त्याचं कारण मला माहीत होतं. ट्रेलरच्या पिना आणि बोल्ट यांत तो तरबेज. तिथे खडा थोडा जाड आला तरी चालतो, उलट तेल जास्त धरतो. गिअरच्या दात्यांचं तसं नाही. जाड खडा तुटतो, दोन दात्यांमध्ये सापडतो आणि वाळूसारखा फिरतो. म्हणजे वाचवायला गेलेल्यानेच मारलं. त्याने माझ्याकडून त्याच लोखंडाचा एक तुकडा घेऊन टाकीत सोडून बघितला. काळा झाला, पण बोट फिरवलं तर खरखरीत.

त्याच दिवशी प्रज्योत आला. हा पनवेलचा पोरगा, केमिस्ट्री शिकलेला, मोटरसायकलला बॅग अडकवून केमिकल विकत फिरतो. तुकडा बघून म्हणाला, "काका, किती वेळा सांगू? गरम टाकीच्या आधी ह्या पावडरच्या पाण्यात एकदा बुडवायचं. खडा आपोआप बारीक येतो."

"हो, आणि तुझं बिल आपोआप मोठं येतं," मी म्हणालो. विकणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही, मग तो काहीही शिकलेला असो.

दिनानाथनेही हात झटकला. एका पावडरच्या पाण्यात बुडवून काढल्याने पुढच्या टाकीतला खडा कसा काय बदलेल, हे त्याच्या डोक्यात शिरेना. प्रज्योत पुडा तिथेच ठेवून निघून गेला.

खुर्चीतून कृष्णाबाई सगळं ऐकत होती. तिने विचारलं, "खडा मोटा येते काय रं?"

"व्हय गो आई. मोठाच येतोय," दिनानाथ म्हणाला आणि बर्नरशी खटपट करायला गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने आच कमी करून, वेळ कमी करून आणखी दोन तुकडे काढले. ते जरा बरे आले. बरे म्हणजे किती बरे, हे आम्ही दोघंही एकमेकांना विचारत नव्हतो. शेवटी त्याने ठरवलं, आता गिअर सोडायचे. किशोरीने ते धुऊन तारेला टांगले. ते टाकीत सोडण्याआधी आम्ही तिघं चहा प्यायला माझ्या शेडमध्ये गेलो. मग येऊन त्याने देवाचं नाव घेतलं आणि गिअर टाकीत सोडले. बुडबुडे आले, थांबले. त्याने गिअर वर काढून पाण्यात धुतले, आणि आम्ही बघतच राहिलो. कुठे काळं, कुठे नागडं लोखंड, आणि त्या नागड्या जागांवर बघता बघता पिवळट-तांबूस गंज फुलत होता. जिथे थर धरला होता तिथे खडे आदल्या दिवशीपेक्षाही जाड.

किशोरी खालीच बसली. "दादाचे गिअर," एवढंच म्हणाली.

दिनानाथने बर्नर बघितला, धुवायचं पाणी बघितलं, तारा बघितल्या. मग टाकीच्या बाजूच्या विटांवर काही पांढरे कण सांडलेले त्याला दिसले. त्याने एक उचलून जिभेच्या टोकाला लावला. मिठागरात वाढलेल्या माणसाला दुसऱ्यांदा चाखावं लागत नाही.

"मीठ!" तो ओरडला. "टाकीत मीठ कोनी टाकलं?"

दुपारी काकडीला लावायला मी मिठाची पुडी जवळ ठेवतो. त्यामुळे नवरा-बायको दोघांनी आधी माझ्याकडे पाहिलं. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

"मीच टाकला," कृष्णाबाई खुर्चीतून म्हणाली. बाई शांत होती, वर थोडी खूशही दिसत होती. "सुकटीला ठेवलेला व्हता, त्यातला टोपलीभर टाकला. खडा मोटा येते बोललास ना? मंग बी नको टाकाला?"

"बी?"

"इसरलास काय? तुजा बापूस काय करायचा? खडा मोटा धराला लागला का गेल्या सालचा बारीक मीठ आगरात भुरभुरायचा. बी बक्कल पडला का सगल्यांना थोडा थोडा पानी मिलते, मंग कोन मोटा व्हत नाय. बी नसला का चार खडे धरतात आनि तेच फुगतात. येवरा पन ध्यानात नाय तुज्या?"

दिनानाथचा चेहरा तापलेल्या टाकीसारखा लाल झाला होता. टोपलीभर मिठाने टाकी नासली होती, ती सगळी ओतून द्यावी लागणार होती. आयुष्यात पहिल्यांदा तो आईवर ओरडणार, असं मला वाटलं. तोंड उघडलंही होतं त्याने. मग ते तसंच राहिलं. तो हळूच माझ्याकडे वळला.

"कमलेश," तो म्हणाला, "त्यो प्रज्योत हेच सांगत होता रे."

आणि तो हसायला लागला. विटांवर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. पावडर म्हणजे दुसरं काही नव्हतंच. फॉस्फेटचंच बारीक बी. आधी ते लोखंडावर सगळीकडे पेरायचं, म्हणजे गरम टाकीत खडे खूप ठिकाणी धरतात आणि कुठलाच फुगत नाही. रीत तीच, फक्त बी त्याच पिकाचं हवं. मिठाच्या आगरात मीठ, फॉस्फेटच्या टाकीत फॉस्फेट. आई बरोबर होती आणि तिनेच टाकीची वाट लावली होती, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या होत्या.

किशोरीला मात्र हसू आलं नाही. "हसताव काय? दादाला काय सांगू?" तिने विचारलं, आणि दिनानाथचं हसणं थांबलं.

प्रज्योतला फोन केला. तो आला आणि येताक्षणी म्हणाला, "मी सांगितलं होतं." मग चहा पिताना पुन्हा म्हणाला, आणि निघताना पुन्हा. मी सहन केलं. पावडर किती, पाणी किती कोमट, हे सगळं त्याने नीट दाखवलं. एक गोष्ट त्याने बजावून सांगितली, की पावडरच्या पाण्यातून काढल्यावर गिअर धुवायचे नाहीत, तसेच थेट गरम टाकीत सोडायचे.

टाकी रिकामी करून धुतली, नवं पाणी केलं. गिअरवरचा बिघडलेला थर उतरवला आणि मी दाते मोजले. थर उतरवताना लोखंडाचाही थोडा भाग जातोच. माप अजून बसत होतं, पण जेमतेम. मी दोघांना स्पष्ट सांगितलं, की पुन्हा उतरवायची वेळ आली तर हे गिअर सैल वाजतील, बोटीत घालण्यासारखे राहणार नाहीत. किशोरीने मान हलवली. त्या क्षणी ती अगदी भावासारखी दिसली.

सगळं तयार झाल्यावर दिनानाथने पावडरचा पुडा फोडला, पण पाण्यात टाकला नाही. दाराशी गेला, आईला हाताला धरून उठवलं आणि कोमट पाण्याच्या टाकीशी आणलं.

"टाक गो आई," तो म्हणाला. "बी टाक."

कृष्णाबाईने सुनेकडे पाहिलं. मिठाच्या दिवसापासून किशोरी तिच्याशी तुटक बोलत होती. किशोरी पुढे आली, म्हातारीच्या हातात रबरी मोजे चढवले आणि कोपराला आधार देऊन उभी राहिली. कृष्णाबाईने पावडर भुरभुरली. घाई नाही, ढीग नाही, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखी. ते पाहून दिनानाथ नाक पुसायला बाहेर गेला. बाहेर गेल्याचं कारण त्याने सुपारी सांगितलं.

गिअर बाहेर आले तेव्हा आधी कुणी हात लावेना. शेवटी मीच लावला. मऊ, काळसर, सगळीकडे एकसारखं. नखाने ओढलं तर बारीक पांढरी रेघ उमटत होती, थर नीट धरल्याची ती खूण. किशोरीने ते स्वतःच्या तेलाच्या टाकीत सोडले आणि झाकणावर हात ठेवून उभी राहिली.

कोंडाजीने ते बसवले. नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात गेली. किशोरीने नारळ सोडला. त्यानंतर बोट परत आली की ती फोन करून विचारायची, "दादा, आवाज कसा हाय?" आणि कोंडाजीचं उत्तर ठरलेलं, "हाय तसा." त्यातून काय समजायचं? ती वैतागायची, आणि रोज पिना शिजत राहायच्या.

दसऱ्याच्या आधी कोंडाजीनेच निरोप पाठवला, की मी गिअरबॉक्स उघडतोय, या. काही बिघडलं होतं असं नाही. आदल्या साली याच सुमाराला दाते गेले होते, आणि आता आत काय आहे हे न बघता त्याला झोप लागत नव्हती. आम्ही तिघं करंजाच्या धक्क्यावर गेलो. बोटीवर उतरलो. कोंडाजीने बोल्ट काढले, झाकण उचललं, बॅटरीचा उजेड आत टाकला आणि तसाच थांबला.

"गेला," तो म्हणाला. "बाय, काला सगला गेला."

खरंच, दात्यांच्या तोंडावर काळ्याचा मागमूस नव्हता. फक्त दात्यांच्या मुळाशी आणि कडेला तो उरला होता. किशोरीने माझं मनगट पकडलं, नवऱ्याचं समजून, आणि नखं रुतवली.

दिनानाथ उकिडवा बसला. फडक्याने एक दाता पुसला, त्यावर नख फिरवलं, मग दुसरा, मग तिसरा. मलाही हात लावायला सांगितलं. एक ओरखडा नाही. मी कापून दिले होते तेव्हाही ते इतके गुळगुळीत नव्हते, आणि हे मी माझ्या तोंडाने तिथेच कबूल केलं.

"काळा जायलाच पायजे होता," दिनानाथ म्हणाला. "झिजायचं काम त्याचं. त्यो झिजला म्हनून तुजे दाते राह्यले. आता हे तुज्या पोराच्या हातात पन फिरतील."

कोंडाजीने स्वतः नख फिरवून पाहिलं. पुन्हा पुन्हा पाहिलं. मग हात पँटला पुसले, खिशातून फोन काढला आणि नंबर लावला.

"शेठ, कोंडाजी बोलतो. नाय, येत नाय मी. दुसरा ड्रायव्हर बगा." पलीकडून बरंच काही बोलणं चाललं होतं. तो ऐकत होता. "नाय वो, पगाराचा काय नाय," तो म्हणाला. "माजी बोट हाय ना."

किशोरी तिथेच फळीवर बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली, मोठमोठ्याने, धक्क्यावरची माणसं वळून बघतील इतकी. दिनानाथ तिच्या शेजारी तेलकट हात लांब धरून उभा होता. तिच्या पाठीवर ठेवावा की नाही, हे त्याला कळत नव्हतं. आणि कोंडाजी झाकणाचे बोल्ट एकेक करून आवळत तिला सांगत होता, "रडतंस कशाला बाय? जेवून जा सगली. रात्री निघायचा हाय मना."